गिझरची कॉइल पुन्हा पुन्हा जातेय? आधी पाणी मोजा

गिझर तापायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागतो. चालू केला की आतून चटचट, गुरगुर असा आवाज येतो. मग एखाद्या सकाळी घरातली ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडते, मेकॅनिक येतो आणि सांगतो, "कॉइल गेली." नवी कॉइल बसते, वर्षभर बरं चालतं आणि पुन्हा तीच तक्रार. पुण्याच्या कडेला वाघोली, लोहगाव, उंड्री, पिसोळी या बाजूला बोअर आणि टँकरवर भागवणाऱ्या सोसायट्यांमध्ये हे गाऱ्हाणं घरोघरी ऐकू येतं. आमच्या सोसायटीत पाण्याचं काम मी बघतो, त्यामुळे "कुठल्या कंपनीचा गिझर घेऊ?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: कंपनी नंतर ठरवा, आधी पाणी मोजा. पाणी किती जड आहे हे आकड्यात कळल्याशिवाय गिझरचा इलाज नीट होत नाही, वॉशिंग मशीनचा होत नाही आणि सॉफ्टनरवर, म्हणजे पाणी हलकं करणाऱ्या यंत्रावर, घातलेले पैसेही वाया जाण्याची शक्यता जास्त.

थर कसा बसतो

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की आपण पाणी जड म्हणतो. यातले बायकार्बोनेट थंड पाण्यात विरघळून राहतात. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सरळ सरळ चुनखडी, उरते. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, या चुन्याचं उलटं आहे. पाणी जितकं गरम तितका तो जास्त बाहेर पडतो. गिझरमध्ये सगळ्यात गरम जागा कॉइलची, म्हणून थर आधी तिथेच धरतो.

खराब झालेली कॉइल एकदा हातात घेऊन बघा. मूळची पेन्सिलएवढी नळी अंगठ्याएवढी जाड झालेली असते. वर राखाडी-पांढरा, खरबरीत थर, नखानं निघत नाही, स्क्रू ड्रायव्हरनं ठोकला की खपल्या उडतात. टाकीच्या तळाशी अशाच खपल्यांचा चिखल साचलेला असतो आणि तो ड्रेनच्या भोकाशी येऊन अडकतो. चटचट आवाज यांच्यामुळेच येतो. थराखाली अडकलेलं पाणी कॉइलला टेकून उकळतं, त्याची वाफ फुटून बाहेर येते.

हा थर उष्णता नीट बाहेर जाऊ देत नाही. कॉइल आतल्या आत तापत राहते आणि पाणी मात्र कोमटच, म्हणून वेळ जास्त आणि बिलही जास्त. शेवटी कॉइलच्या धातूच्या नळीला बारीक चीर पडते, पाणी आतल्या करंट अडवणाऱ्या पावडरीत शिरतं आणि करंट अर्थकडे गळायला लागतो. ईएलसीबी पडते ती यामुळे. ज्या घरात ईएलसीबी नाही किंवा अर्थिंग धड नाही तिथे बादलीत हात घातल्यावर झिणझिण्या येतात. असं एकदा जरी जाणवलं तरी गिझर मेन स्विचवरूनच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत लावू नका. "जरासंच लागतंय" म्हणून आंघोळ उरकून घेणं जिवावर बेतू शकतं.

एकाच शहरात पाणी वेगळं का

पुण्यात राहणाऱ्यांना हा फरक लवकर कळतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस साठतो. ते पाणी जमिनीत फार मुरलेलं नसतं, म्हणून हलकं असतं. पेठेतल्या घरात वीस वर्षं तोच गिझर चालतो आणि पंधरा-वीस किलोमीटरवर राहायला गेलेल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये टिकत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बोअरचं पाणी खडकाच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपून आलेलं असतं. आपला काळा खडक, बेसाल्ट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवाल्या खनिजांनीच बनलेला आहे. पुण्याच्या पूर्वेला पाऊस कमी होत जातो, जमिनीत चुनखडीचे खडे दिसायला लागतात, आणि पाणी आणखी जड होत जातं. वाघोलीच्या खाणी तर जगभरच्या खनिज गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहेत, कारण तिथे कॅव्हन्साइट नावाचं सुंदर निळं खनिज मिळतं. त्यातही कॅल्शियम आहेच.

टँकरची गोष्ट वेगळी. टँकर कुठल्या विहिरीवर भरला यावर सगळं अवलंबून. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली, टँकर वाढले, की तुमच्या टाकीतल्या पाण्याची जात दर आठवड्याला बदलू शकते. म्हणून पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिल-मे महिन्यात एकदा अशी दोन वेळा मोजणी करा. ऑक्टोबरच्या आकड्यावर बसवलेली यंत्रणा मे महिन्यात कमी पडते.

मोजायचं कसं

इथे सगळ्यात मोठा गोंधळ टीडीएसचा आहे. प्युरिफायरवाला पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि लोक तो जडपणाचा आकडा समजतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, त्यात साधं मीठही आलं. टीडीएस ९०० असून जडपणा १५० असू शकतो आणि टीडीएस ५०० असून जडपणा ३५० असू शकतो. गिझरला त्रास दुसऱ्या पाण्याचा होईल. त्या मीटरवरून सॉफ्टनर घ्यायचा की नाही हे ठरवूच नका.

जडपणासाठी थेंबांचं किट मिळतं. बाटलीत ठरलेलं पाणी घ्यायचं, त्यात आधी एक द्रावण आणि रंग टाकायचा, पाणी लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब घालत हलवत राहायचं. लाल जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं आणि थेंब मोजून किटवर दिलेल्या गुणकानं गुणायचं. जांभळ्यावर थांबू नका, पूर्ण निळा होऊ द्या. पट्ट्याही मिळतात, पण त्यांचा अंदाज ढोबळ असतो. पक्का आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्यात प्रयोगशाळा असते, नाहीतर एनएबीएल मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा गाठा. अहवालात "टोटल हार्डनेस, कॅल्शियम कार्बोनेटमध्ये" ही ओळ बघायची.

आकडा कसा वाचायचा? ढोबळ मानानं लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत हलकं, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे ४०० चं पाणी या मानकात बसू शकतं आणि तरी गिझर खाऊ शकतं. "रिपोर्ट तर ओके आहे" असं सेक्रेटरींनी सांगितलं म्हणून गप्प बसू नका, आकडा विचारा.

किट येईपर्यंत घरी साबणाची परीक्षा करता येते. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. जड पाण्यात फेस धरत नाही आणि वर पांढरी साय येते. शाम्पू किंवा लिक्विड डिटर्जंटनं ही परीक्षा करू नका, ते जड पाण्यातही फेसाळतात.

आणखी एक छोटी तपासणी: शॉवरवरची एक खपली काढून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर चुना आहे आणि आम्लानं निघेल. काहीच झालं नाही तर सिलिका किंवा जिप्सम जास्त असण्याची शक्यता आहे. मग सायट्रिक ॲसिडचे डबे रिकामे करून उपयोग नाही, थर हातानंच काढावा लागेल.

गिझरचं काय करायचं

पहिलं काम फुकटातलं आहे. थर्मोस्टॅट ७० किंवा ७५ वर असेल तर ५५ ते ६० च्या मध्ये आणा. ६० च्या वर थर बसण्याचा वेग चांगलाच वाढतो. आपण शेवटी त्यात गार पाणी मिसळूनच आंघोळ करतो. बऱ्याच गिझरमध्ये हा खटका झाकणाच्या आत असतो, तेव्हा मेकॅनिककडून करून घ्या. गिझर दिवसभर चालू ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडा.

दुसरं, वर्षातून एकदा, पाणी फार जड असेल तर सहा महिन्यांनी, टाकी उघडून साफ करून घ्या. वीज बंद, इनलेटचा कॉक बंद, पाणी गार होऊ द्यायचं, टाकी रिकामी करायची, मग फ्लँज, म्हणजे कॉइल धरून ठेवणारी झाकणासारखी चकती, खोलून कॉइल बाहेर. थर पातळ असतानाच कॉइल सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवली की तो सुटतो. लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास पुरतं. टोकाकडची वायरिंगची बाजू मात्र कोरडीच राहिली पाहिजे. टाकीच्या तळातला गाळ हातानं काढायचा. गॅस्केट नवीन घालायचं, जुनं पुन्हा बसवलं की महिन्याभरात गळती सुरू होते.

टाकी उघडलीच आहे तर ॲनोडची कांडी बघून घ्या. ही मॅग्नेशियमची असते आणि टाकीऐवजी स्वतः झिजते. जास्त क्षारांच्या पाण्यात ती भराभर संपते. तारेएवढी उरली असेल तर बदला. काही मेकॅनिक "याची गरज नाही" म्हणून काढून ठेवतात आणि पुढे टाकीच गंजून गळते. ॲनोड परत बसला का, हे झाकण लावायच्या आधी स्वतः बघा.

बाथरूम धुण्याचं ॲसिड गिझरमध्ये कुणालाही ओतू देऊ नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. थर पटकन निघतो हे खरं, पण कॉइलचा धातू, जोड आणि टाकीचं अस्तर तेही खातं, आणि वाफ छातीत जाते ती वेगळीच. नवी कॉइल घ्यायची वेळ आलीच तर साध्या तांब्याच्या नळीपेक्षा इन्कोलॉय या गंज सोसणाऱ्या मिश्रधातूची किंवा काचेचं कोटिंग असलेली मागा. थर त्यांच्यावरही बसतो, पण त्या जास्त तग धरतात.

इन्स्टंट गिझरमध्ये जागाच लहान, त्यामुळे तो लवकर चोंदतो. गॅस गिझरची तांब्याची कॉइल आतून भरत गेली की धार बारीक होते आणि ज्योत मध्येच विझते. गच्चीवर सोलर असेल तर कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या जड पाण्यानं बुजतात आणि त्या साफ करणं मोठं काम. काचेच्या ट्यूबवाला सोलर अशा पाण्याला बरा, त्यातला गाळ ट्यूबच्या तळाशी बसतो आणि वर्षातून एकदा ट्यूब काढून धुता येतो. फ्लॅट नवीन असेल आणि बिल्डर अजून सोलर बसवणार असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

बाकीची यंत्रं

वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू भरत असेल तर आधी मागच्या इनलेट पाइपची जाळी काढून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टॉवेल पापडासारखे कडक होणं, पांढरे कपडे मळकट दिसणं, हे साबणाचा बराचसा भाग कॅल्शियमशी झगडण्यातच खर्च होतो म्हणून. फ्रंट लोडमध्ये आत हीटर असतो, त्यावर गिझरसारखाच थर बसतो. रोजचे कपडे गार पाण्यात किंवा ३०-४० अंशांवर धुवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ६० अंशांची सायकल चालवा. माहितीपत्रकात कंपनीनं दुसरं काही सांगितलं असेल तर ते पाळा. त्या वेळी पावडर नको आणि ब्लीच तर अजिबात नको. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाल्कनीत तो फार घातक.

आरओमधून बाहेर जाणारं पाणी बरेच जण बादलीत साठवतात. ते फरशी पुसायला, संडासला वापरा. मशीनमध्ये, कूलरमध्ये ओतू नका, कारण मेम्ब्रेननं अडवलेले सगळे क्षार त्यातच असतात. कूलरच्या जाळीवर तर पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात, म्हणून उन्हाळ्यात त्याची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून भरावी. इस्त्री आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला नळाचं पाणी नको; बॅटरीला फक्त डिस्टिल्ड.

डिशवॉशरमध्ये स्वतःचा छोटा सॉफ्टनर असतो, त्यात डिशवॉशरचंच जाड मीठ घालायचं, स्वयंपाकाचं नाही. जडपणाचं सेटिंग मात्र बहुतेक घरांत कारखान्यातून आलं तसंच असतं. काही मशीनमध्ये ते जर्मन अंशांत असतं. एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० चं पाणी साडेबावीस अंशांच्या आसपास. तेवढं लावल्यावर काचेच्या ग्लासवरचा पांढरा धूसरपणा जातो.

स्वयंपाकघरात डाळ शिजत नाही ही तक्रारही याच पाण्याची. कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. कुकरच्या आठ शिट्ट्या करण्यापेक्षा तूर आणि हरभरा भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी घ्या, गॅस वाचेल.

सॉफ्टनर घ्यायचा तर हिशेब मांडून

सॉफ्टनरमधल्या रेझिनचे दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा तयार करायचे. यात टीडीएस कमी होत नाही. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस तेवढाच दिसला म्हणून भांडायला जाणारे मी पाहिलेत. त्यांचा सॉफ्टनर व्यवस्थित चालू होता.

एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं असं समजा. २५ लिटर रेझिन म्हणजे १,२५० ग्रॅम. पाणी ४०० चं असेल तर ३,१२५ लिटर पाणी हलकं होईल. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर, म्हणजे जेमतेम सहा दिवस. दर सहाव्या दिवशी अडीच ते चार किलो मीठ घालून दाणे धुवायची तयारी असेल तरच हा घ्या. विकणारा "महिन्यातून एकदा मीठ टाका" म्हणत असेल तर त्याला हाच हिशेब कागदावर मांडायला सांगा.

शॉवरला लावायच्या छोट्या फिल्टरलाही हेच गणित लावा. त्यात पाव लिटर रेझिन असेल तर साडेबारा ग्रॅम जडपणा, म्हणजे ४०० च्या पाण्याचे एकतीस लिटर. दोन बादल्या! केस गळण्याच्या भीतीनं लोक हे फिल्टर घेतात, म्हणून हे स्पष्ट लिहितोय. पॉलिफॉस्फेटचे गोळे असलेलं फिल्टर वेगळ्या पद्धतीनं काम करतं. ते जडपणा काढत नाही, थर धरू देत नाही, पण पाणी फार तापलं की त्याचा असर ओसरतो. वॉशिंग मशीनच्या इनलेटला ते ठीक. पाइपवर बांधायचे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक कॉइल यांचे निकाल इतके उलटसुलट आहेत की मी स्वतः त्यात पैसे घालणार नाही. तुरटीनं गढूळपणा बसतो, जडपणा कमी होत नाही.

घरासाठी माझा सल्ला असा, की संपूर्ण घराचं पाणी हलकं करायच्या मागे लागू नका. जिथे पाणी तापतं तेवढ्याच लाइनला, म्हणजे गिझर आणि मशीनला, सॉफ्टनर द्या. पिण्याची लाइन वेगळी ठेवा. ज्यांना डॉक्टरांनी सोडियम कमी करायला सांगितलंय त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. शून्य जडपणाचा हट्टही नको; अगदी हलक्या पाण्यात अंगावरचा साबण निघाल्यासारखा वाटत नाही आणि ॲनोडही लवकर झिजतो. थोडं मूळ पाणी मिसळून ८० ते १०० वर आणलं की सगळं नीट चालतं.

सोसायटीचा मोठा प्लँट असेल तर बहुतेक ठिकाणी यंत्र चांगलं असतं, मीठ वेळेवर पडत नाही. गोणी संपलेली असते, सुरक्षारक्षक बदललेला असतो, आणि नव्या माणसाला कुणी काही सांगितलेलं नसतं. प्लँटशेजारी थेंबांचं किट आणि एक वही ठेवा. रोज सकाळी प्लँटच्या आधीचा आणि नंतरचा आकडा त्यात लिहायचा, नंतरचा १०० च्या वर गेला की त्याच दिवशी दाणे धुवायचे. टँकर आला की त्याचा आकडा वेगळा लिहायचा, म्हणजे कुठल्या पुरवठादाराचं पाणी घ्यायचं हे कमिटीला वही बघून ठरवता येतं. धुतल्यानंतरचं खारट पाणी झाडांना जाणार नाही आणि बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात तर मुळीच उतरणार नाही, हे प्लंबरकडून पाइपचा माग काढून बघून घ्या. त्या खड्ड्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी गेलं पाहिजे. ते जवळपास शून्य जडपणाचं असतं आणि बोअरमध्ये जितकं जास्त मुरेल तितका पुढच्या उन्हाळ्यात आकडा खाली राहायला मदत होते.